मधाच्या डब्यातलं तेल

२ एप्रिल, मंगळवार. सॉल्सबरी, दक्षिण ऑस्ट्रेलिया. घरी.

गाडी सर्व्हिसिंगहून आणली. कॉस्टा मेकॅनिकनं टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, हवा नेणारी जाड रबरी नळी काढून दाखवली. आत तेलाचा पातळ थर. मी बोट फिरवलं. बोट काळं.

हे काय, म्हणून विचारलं. तो म्हणाला, ब्लो-बाय. टर्बोवाल्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली निसटतो, जाताना तेलाचं धुकं बरोबर घेतो आणि ते धुकं या नळीतून परत इंजिनात ओढलं जातं. दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत एवढं असायचंच. त्यानं नळी पुसली, जागेवर बसवली, विषय संपला.

त्याच्यापुरता संपला.

दहा दिवसांनी हीच गाडी, मागे राहायची कारवान जोडून, नलारबोरचं माळरान ओलांडून कालगूर्लीला न्यायची आहे. बावीसशे किलोमीटर. आमच्या लेकीला, केरीला, डॉक्टरांनी अठ्ठावीस तारीख दिली आहे. आमचं पहिलं नातवंड. आणि मी नळीत तेल घेऊन जायचं?

दाब म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. तेहेतीस वर्षं पाणीखात्यात काढली. काम मीटर वाचायचं होतं, मान्य. पण मीटरमधून पाणी काय आपल्या मर्जीनं जातं?

निश्चय: निघण्याआधी ब्लो-बायचा बंदोबस्त.

४ एप्रिल, गुरुवार

कालगूर्लीला फोन केला. केरी झोपली होती, जावयानं उचलला. झोरान तिथल्या सोन्याच्या खाणीत ट्रक दुरुस्त करतो. त्या ट्रकचं एक चाक आमच्या घराएवढं. नळीतल्या तेलाचं त्याला सविस्तर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. धूर येतो का? नाही. तेल कमी होतं का? नाही.

मग म्हणाला, "नेव्हिल, गाडी चालतेय ना? मग हात लावू नका."

माणूस चांगला आहे. केरीला जपतो. पण खाणीत कंपनीचे ट्रक, कंपनीचे पार्ट. बिघडलं की बदलायचं. स्वतः डोकं लावायची सवय राहत नाही.

६ एप्रिल, शनिवार

डबा तयार.

कल्पना साधी. धुकं इंजिनात परत जाण्याआधी वाटेत अडवायचं. एका नळीनं डब्यात आत, दुसऱ्या नळीनं बाहेर, आणि मधे गाळणी. तेल गाळणीला चिकटतं, तळाशी जमतं, स्वच्छ हवा पुढे जाते. दुकानात असे डबे तयार मिळतात. क्वीन्सलँडचा एक जण व्हिडिओत घरी बनवून दाखवतो. अंगात शर्ट नसतो, पण सांगतो व्यवस्थित.

बायकोच्या, म्हणजे डोरीनच्या, बहिणीकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत. तिचा मधाचा दोन किलोचा रिकामा डबा घेतला. झाकण घट्ट, पत्रा जाड. दोन तोट्या डागल्या. एक डाग गळत होता, त्यावर आणखी डाग दिला. गाळणी म्हणून भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या. चार बसल्या.

रात्री डोरीननं घासण्या कुठे गेल्या म्हणून विचारलं. प्रवासाच्या कामी लागल्या, एवढंच सांगितलं. ती बराच वेळ करपलेल्या पातेल्याकडे बघत उभी होती.

९ एप्रिल, मंगळवार

चाचणी घेतली. बरोसा खोऱ्यापर्यंत जाऊन आलो. डबा उघडला तर तळाशी चहाचे दोन चमचे तपकिरी तेल.

डोरीनला दाखवायला डबा स्वयंपाकघरात नेला. सांगितलं, हे दोन चमचे आज इंजिनाच्या पोटात गेले असते. ती म्हणाली, अकरा वर्षं रोज जातच होते ना? वाद घातला नाही. टेबलावर डाग पडला तो मात्र मीच पुसला.

आणखी एक चाचणी आहे, कॉस्टानं सांगितलेली. इंजिन चालू ठेवून तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि तिथंच उलटं ठेवायचं. ब्लो-बाय जास्त असेल तर खालच्या दाबानं झाकण नाचतं, उडून पडतं. आपलं झाकण चर्चमध्ये बसल्यासारखं गप्प बसलं. जरासुद्धा हललं नाही.

झाकण जड असणार. ही चाचणी आपल्या गाडीला लागू नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाला निघालो. निघताना सव्वासात झाले, कारण डोरीनची लोकर. अर्धी कारवान बाळाच्या कपड्यांनी भरली आहे. शिवाय बहिणीकडच्या मधाच्या तीन बरण्या केरीसाठी. मी म्हटलं, वजन वाढतंय. ती म्हणाली, तुझा हत्यारांचा पेटारा उतरव मग.

पेटारा गाडीतच आहे.

नियम: दर दोनशे किलोमीटरवर डबा तपासायचा. तेल मोजायचं, लिहायचं.

१३ एप्रिल, शनिवार. पोर्ट ऑगस्टा.

डबा कोरडा.

दोन शक्यता. एक, इंजिन सुधारलं. दोन, तेल गाळणीतून सटकून पुढे जातंय. मी स्वतःला फसवणाऱ्यांतला नाही, म्हणून दुसरी शक्यता धरली. सुपरमार्केटमधून आणखी तीन घासण्या आणल्या. बसत नव्हत्या. मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं दाबून दाबून बसवल्या. एकूण सात. आता त्यातून डास जायचा नाही, धुकं काय जाईल.

डोरीननं विचारलं, मग हवा कुठून जाणार? म्हटलं, हवा वाट काढते. तेहेतीस वर्षं पाहिलंय, पाणीसुद्धा काढतं.

१५ एप्रिल, सोमवार. सेडुना, कारवान पार्क.

आज डिपस्टिक आपोआप वर आली. तेल मोजायची ती लांब पट्टी इंजिनातून चांगली हातभर बाहेर डोकावत होती. आसपास तेलाचे शिंतोडे. म्हणजे आतला दाब उत्तम आहे. तारेनं बांधून टाकली.

शेजारी हार्वी नावाचे गृहस्थ उतरले आहेत. निवृत्त दाताचे डॉक्टर, बायको मार्गो आणि पिकल नावाचं बुटकं कुत्रं. गाडी कोरी, टर्बो डिझेल. ब्लो-बायविषयी काहीच माहिती नाही. तासभर समजावलं. ऐकताना माणूस मधे एकदाही बोलला नाही, यावरूनच त्याची जिज्ञासा कळते. जुनी सवय असेल, समोरच्याचं तोंड उघडं असेपर्यंत आपण बोलायचं नाही. शेवटी मी राखीव म्हणून आणलेला दुसरा डबा त्याला भेट दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, काय बोलू कळत नाही.

झोरानचा फोन येऊन गेला. डोरीनशी बोलला. बरंच बोलला. मला द्यायला सांगितलं तर ती म्हणाली, तुला नाही, मलाच काहीतरी सांगायचं होतं. सासू-जावयाचं बरं जमतं.

१६ एप्रिल, मंगळवार

मुक्काम सेडुनालाच. डोरीनला धुणं टाकायचं होतं. मी तेल भरलं. एक लिटर कमी होतं. किनाऱ्यावर उकाडा जास्त असतो, तेल उडतं.

१७ एप्रिल, बुधवार. नलारबोरच्या वाटेवर.

गाडीतल्या रेडिओवर ट्रकवाल्यांचं बोलणं ऐकू येतं. रस्ता सरळ, झाड नाही, मग बोलण्याशिवाय काय करणार. दुपारी मागून एक आवाज आला, "ओ पांढऱ्या कारवानवाले काका, सॉसेज भाजताय का? मागे नुसता निळा धूर आहे."

मी सांगितलं, इंजिन स्वतःला साफ करतंय. तो म्हणाला, माझी सासूपण असंच सांगायची, चाळीस सिगारेटी ओढून. दुसरा कुणीतरी हसला. तिसरा म्हणाला, काका, जरा बाजूला थांबून बघून घ्या, चेष्टा नाही करत.

रेडिओ बंद केला. उगाच लक्ष विचलित होतं.

डोरीननं धुराबद्दल विचारलं. आरशात पाहिलं. होता. पण निळा म्हणण्याएवढा निळा नव्हता.

मुक्कामाला झाकणाची चाचणी पुन्हा घेतली. झाकण जागच्या जागी थरथरलं, एकदा टुणकन उडालं आणि बंपरवर पडलं. वारा होता.

१८ एप्रिल, गुरुवार. सीमेवर. वेळ नक्की सांगता येत नाही.

इथून पुढे घड्याळं पाऊण तास मागे करायची, मग पुढे परत मागे करायची. डोरीननं केलं. मी गाडी बघत होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या आणि मध नेऊ देत नाहीत. नाक्यावर एक तरुण बाई गणवेशात. डोरीनच्या मधाच्या तीन बरण्या काढून घेतल्या. डोरीननं काही हुज्जत घातली नाही, पण तोंड उतरलं. बाळंतिणीला खास म्हणून आणला होता. मला आधी आठवलं असतं तर सांगितलं असतं. पण माझ्या डोक्यात इंजिन आहे.

आणखी मध आहे का, असं त्या बाईनं विचारलं. डोरीन म्हणाली, नाही. मग जरा थांबून म्हणाली, बॉनेटखाली एक डबा आहे, त्यावर तसं लिहिलंय खरं.

बॉनेट उघडावं लागलं. डब्यावर मधमाशीचं चित्र. बाई म्हणाली, उघडा. मी सांगितलं, यात मध नाही, हे तंत्रज्ञान आहे. ती म्हणाली, उघडा. झाकण काढलं तर आत काठोकाठ काळं दाट तेल, त्यात घासण्या बुडालेल्या. ती वाकली, वास घेतला आणि मागे सरकली.

"हे आत जायला माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण मी तुमच्या जागी असते, तर पुढे गेले नसते."

सगळ्या ऑस्ट्रेलियाला आता इंजिनं कळायला लागली आहेत.

डबा रिकामा केला. काठोकाठ भरला याचा अर्थ तो काम करतोय. न भरणाऱ्या डब्याची काळजी करावी.

निश्चय: उद्या मडुराचा चढ. या मैदानात तोच काय तो एक चढ. नाकावर टिच्चून चढवणार. कालगूर्लीत उतरल्यावर पहिल्यांदा झोरानला बॉनेट उघडून दाखवणार. मग बघू काय म्हणतो.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे. मडुरा.

जसं झालं तसं लिहितो.

चढ चढलो. अर्ध्यावर मागचं काही दिसेना, सगळा धूर. तरी चढलो, हे लिहून ठेवतो. वर गाड्या थांबवून खालचं मैदान बघायची जागा आहे, तिथे थांबलो. टर्बो तापला असेल तर इंजिन लगेच बंद करत नाहीत, दोन मिनिटं चालू ठेवतात. मी ठेवलं. डोरीन कारवानमधून गुड फ्रायडेचे गोड पाव आणायला उतरली.

इंजिनाचा आवाज वाढला. मी पायाकडे पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. आवाज आणखी वाढला. किल्ली फिरवली. किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात होती आणि इंजिन ओरडत होतं.

असं होतं हे मी ऐकून होतो. हवेच्या वाटेत इतकं तेल साचतं की इंजिन डिझेल सोडून तेच जाळायला लागतं. मग बंद कशानं करणार? स्वतःचं तेल पीत पीत ते फुटेपर्यंत पळतं. गाडी ऑटोमॅटिक, गिअरमध्ये दाबून गुदमरवायची सोय नाही. बॉनेट थडथडत होतं. पांढरा धूर इतका की समुद्रकिनाऱ्याकडची बाजू दिसेना. मी उतरलो आणि उभा राहिलो. विचार करत होतो.

डोरीन धावत आली. तिच्या हातात एक ओला टॉवेल होता, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेला. म्हणाली, "बाजूला हो."

आमच्या गाडीची हवा आत घ्यायची नळी बॉनेटवरून छपरापर्यंत वर नेलेली आहे, धूळ लागू नये म्हणून. डोरीन पायरीवर चढली, त्या नळीच्या तोंडावर टॉवेल दाबला आणि दोन्ही हातांनी नळीला मिठी मारून डोळे मिटून उभी राहिली. टॉवेल आत ओढला जाऊ लागला. तिनं सोडला नाही. सदुसष्ट वर्षांची बाई. इंजिन खोकलं, गाडी हादरली, आतून काहीतरी लोखंडी खणखणलं आणि बंद पडलं.

मग इतकी शांतता झाली की गोड पावाची पिशवी वाऱ्यानं फडफडतेय तेसुद्धा ऐकू आलं.

टॉवेल कुठून आला, विचारलं. ती खाली उतरून पायरीवर बसली होती. म्हणाली, डब्याचं ऐकल्यावर झोराननं सोमवारी फोनवर सांगितलं होतं. नेव्हिलनी डबा लावलाच आहे तर ओला टॉवेल हाताशी ठेवा, आणि इंजिन सुटलं तर नळीचं तोंड बंद करा. चार दिवस ती रोज सकाळी टॉवेल भिजवून ठेवत होती. मला वाटलं, तोंड पुसायला.

मला का नाही सांगितलं, विचारलं. तिनं टॉवेल पिळून पुन्हा पिशवीत घातला.

एका ट्रकवाल्यानं गाडी आणि कारवान खाली रोडहाउसपर्यंत, म्हणजे हायवेवरच्या पंप-खानावळीपर्यंत, ओढून दिली. त्याचा आवाज ओळखीचा वाटला. सॉसेजचा विषय त्यानं काढला नाही.

२० एप्रिल, शनिवार

ईस्टर. टोइंगवाले सगळे सुट्टीवर. फोनवर एक मिळाला, नॉर्समनचा. शुक्रवारच्या आधी जमणार नाही म्हणाला.

मी म्हटलं, तोपर्यंत मी गाडी चालू करतो. हत्यारांचा पेटारा उगाच नाही आणला.

अकराला हार्वी आणि मार्गो डिझेल भरायला थांबले. डोरीन त्यांच्याशी बोलली. त्यांना पर्थला जायचं आहे, पण म्हणाले कालगूर्लीला आधी जाऊ, काय मोठंसं. दोघी बायकांनी बॅगा हलवायला सुरुवातसुद्धा केली. मी त्यांच्या गाडीत डोकावलो. मी दिलेला डबा मागच्या सीटवर होता. त्यात कुत्र्याची बिस्किटं. हार्वी म्हणाला, झाकण इतकं घट्ट बसतं, बिस्किटं मऊच पडत नाहीत.

डोरीन माझ्याजवळ आली. केरीला काल रात्रीपासून कंबरेत कळा आहेत, म्हणाली. सकाळी फोन झाला.

"नेव्हिल, मी गाडीसाठी निघाले नव्हते. मी केरीसाठी निघाले होते. मागे जागा आहे. येतोस?"

मागे जागा होती. पिकलच्या शेजारी.

मी सांगितलं, गाडी अशी माळावर सोडून येता येणार नाही. कारवान आहे, हत्यारं आहेत. शिवाय कदाचित उद्यापर्यंत चालू होईल आणि मी वाटेत तुम्हाला गाठीन. तिनं माझी कॉलर सरळ केली आणि गेली. बाळाचे कपडे घेऊन गेली. गोड पाव माझ्यासाठी ठेवले.

मी बरोबर केलं. कुणीतरी थांबायला हवं होतं.

२१ एप्रिल, ईस्टर रविवार

इंजिन पान्यानं हातानं फिरवून बघितलं. पाव फेरा फिरतं आणि अडतं. पेटारा सगळा उपसला. पाण्याच्या मीटरची सीलं तोडायची पक्कड सापडली. निवृत्तीच्या वेळी परत करायची राहिली होती.

इंजिन अडकलं आहे याचा अर्थ आत काहीतरी अजून घट्ट आहे. सगळंच ढिलं झालेलं नाही.

डबा सोडवून समोर ठेवला. नीट निरखला. डबा शाबूत. एक डाग निघालेला नाही. म्हणजे दोष डब्यात नाही. दोष इंजिनात आधीपासून होता आणि डब्यानं तो उघड केला. असाच विचार करायला हवा.

जेवायला रोडहाउसमध्ये खिमा भरलेला मीट-पाय आणि सॉस. काउंटरवरची बाई म्हणाली, बायको गेली का? म्हटलं, पुढे गेली. ती म्हणाली, हां.

२३ एप्रिल, मंगळवार

मुलगी झाली.

काल पहाटे साडेतीनला. सव्वातीन किलो. केरी ठीक आहे. नाव वेस्ना, झोरानच्या आजीचं. डोरीन वेळेवर पोचली. बाळंतपणाच्या खोलीत होती. नाळ कापताना होती. हार्वी आणि मार्गोसुद्धा हॉस्पिटलच्या बाहेर रात्रभर थांबले म्हणे. कुत्र्यासकट.

रोडहाउसच्या फोनवर हे सगळं ऐकलं. डोरीन बोलत होती, मी हो हो म्हणत होतो. मागे बाळ रडत होतं. तिनं फोन बाळाजवळ धरला. मग लाइन गेली.

तारीख अठ्ठावीस दिली होती. आज तेवीसच. डॉक्टरांनी बरोबर तारीख दिली असती तर माझं नियोजन चुकलं नसतं. हे नोंदवून ठेवतो.

काउंटरवरच्या बाईला सांगितलं. तिनं सगळ्यांना सांगितलं. जेवणाऱ्या ट्रकवाल्यांनी टेबलं वाजवली. कुणीतरी मला बिअर दिली. म्हणाले, आजोबा. मी घराबाहेर, अनोळखी माणसांत आजोबा झालो.

संध्याकाळी गाडीत जाऊन बसलो. काही काम नव्हतं.

२५ एप्रिल, गुरुवार

आज युद्धातल्या सैनिकांचा दिवस. पहाटे रोडहाउसच्या झेंड्याखाली सातआठ जण उभे राहिलो. ट्रकवाले टोप्या काढून. कुणाच्या तरी मोबाइलवर बिगुल वाजला. माझे वडील दोन वर्षं युद्धकैदी होते, त्यांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. मी सहा दिवस माळावर आहे आणि अर्धी वही भरली.

पुढचं लिहिलेलं फाडून टाकलं. निरर्थक होतं.

उद्या टोइंग.

२७ एप्रिल, शनिवार. कालगूर्ली.

पोचलो. गाडी ट्रकच्या पाठीवर, कारवान त्याच्या मागे, मी ड्रायव्हरशेजारी. संकल्प स्वतःच्या इंजिनावर पोचायचा होता. पण रस्ता तोच, अंतर तेच.

झोरान दारात उभा होता. बॉनेटबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, आधी हात धुवा, बाळ घ्यायचंय ना?

घेतलं. लिहिण्यासारखं नाही. म्हणजे मला जमणार नाही. नाक डोरीनचं आहे.

डोरीन दमलेली दिसली, पण आनंदात. मला बघून म्हणाली, जेवलास का. एवढंच. मी तयारी करून आलो होतो, सगळी उत्तरं वाटेत ठरवली होती. कुणी काही विचारलंच नाही.

३० एप्रिल, मंगळवार

झोराननं अंगणातल्या शेडमध्ये इंजिन उघडलं. त्याची सुट्टी आहे, बाळासाठी घेतलेली. मी हत्यारं देत होतो. तो मागायचा एक, मी द्यायचो दुसरं, तो तेच घ्यायचा.

हवेच्या वाटेतून बादलीत तेल काढलं. लिटरभर. मग वरचा भाग उचलला. आत दोन दांडे वाकलेले, एक पिस्टन चिरलेला. मी म्हटलं, बघ, मी म्हणतच होतो, ब्लो-बाय. गॅस अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार.

त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला. सिलिंडरच्या भिंती दाखवल्या. गुळगुळीत, आणि त्यावर कारखान्यातल्या बारीक तिरप्या रेघा अजून शाबूत.

"रिंगा ठीक होत्या," तो म्हणाला. "अजून दोन लाख किलोमीटर सहज गेली असती."

मग त्यानं डबा हातात घेऊन झाकण काढलं. घासण्या किती, विचारलं. सात, म्हटलं. त्यानं मान हलवली. इंजिनाला श्वास सोडायला जागाच उरली नव्हती. आतला दाब बाहेर पडेना, म्हणून टर्बोचं तेल खाली उतरेना, म्हणून ते हवेच्या वाटेत शिरलं. हे त्यानं एकदाच सांगितलं, हळू आवाजात, जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाहीये. मला पाणीखात्याचा मुद्दा मांडायचा होता. आठवला नाही.

मी विचारलं, आत घरात काय सांगायचं?

"मी शनिवारीच सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "रिंगा गेल्या होत्या. गाडीचं वय झालं होतं. त्याला कुणी काय करणार. तेवढंच राहू द्या."

मी म्हटलं, शनिवारी तर तू इंजिन उघडलंही नव्हतंस. तो बादली उचलून बाहेर गेला.

जेवायला कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा होता, झोरानच्या आईनं पाठवलेला. डोरीन जेवता जेवता म्हणाली, नेव्हिल, मी उगाच त्या डब्याला नावं ठेवली, वाटेत जरा तोडूनच बोलले, मनाला लावून घेऊ नकोस. केरी म्हणाली, बाबांनी तर उलट वाचवायचा प्रयत्न केला.

मी बटाटे वाढून घेतले.

१ मे, बुधवार

झोप नाही. बाळामुळे असेल. पण बाळ झोपलं होतं.

झोरानच्या सांगण्यात तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. वय झालंच होतं. अकरा वर्षं.

निश्चय: गप्प बसणार.

२ मे, गुरुवार

सकाळी डोरीन मागच्या दारी लंगोट वाळत घालत होती. मी चिमटे देत होतो. सांगून टाकलं. रिंगा ठीक होत्या. डबा. सात घासण्या. गाडीची वाट मी लावली. तुला वेळेवर हार्वीनं पोचवलं, मी नाही. सगळं एका दमात.

तिनं हातातला लंगोट वाळत घातला. मग म्हणाली, "माहीत आहे. झोरानला रिंगांचं मीच सांगायला लावलं."

मी विचारलं, का?

"नात आठवड्याची आहे. तू आणखी महिनाभर तोंड पाडून शेडमध्ये बसला असतास. मला तू बाळाजवळ हवा होतास."

मग म्हणाली, तू मला सांगितलंस हे झोरानला कळू देऊ नकोस. मी गळ घातल्यावर बिचारा खोटं बोलायला तयार झाला, त्याला वाईट वाटेल. केरीलाही नको. मी म्हटलं, केरीला तरी खरं वाटतंय ना? ती म्हणाली, केरीचं सोड, ती तर कॉस्टा मेकॅनिकला फोन करून सगळं विचारून बसलीय.

चिमटे संपले होते. तिनं आणखी एक लंगोट माझ्या हातात दिला. तो मी धरून ठेवला.

संध्याकाळी शेजारचा माणूस बाळ बघायला आला. अंगणातलं उघडं इंजिन बघून त्यानं विचारलं, काय झालं हो याला?

झोराननं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, रिंगा. वय झालं होतं.

झोरान म्हणाला, हो, वय.

डोरीन चहा घेऊन येत होती. तीपण म्हणाली, वय.